दुपारच्या सुट्टीतली गोळी

शाळेत मुलांना औषध शिक्षकच देतात. ते कसं द्यायचं, हे त्यांना शिकवणार कोण?

"बाई, रात्री ताप होता याला. डबा खाल्ला की एवढी गोळी द्या."

सकाळच्या घाईत शाळेच्या फाटकाशी हे वाक्य कानावर पडलं नाही, अशी शिक्षिका विरळाच. गोळी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेली असते. कपट्यावर मुलाचं नाव नसतं, औषधाचंही नसतं. आईला कामावर पोचायचं असतं, ती निघून जाते. बाई पुडी हजेरीपटात सरकवतात. डब्याच्या सुट्टीत साऱ्या वर्गाच्या गलक्यात ती आठवली तर गोळी दिली जाते. नाही आठवली तर राहून जाते. कधी शेवटच्या तासाला आठवते, आणि मग आता द्यावी की नको हे विचारायला जवळ कुणीच नसतं.

बाईंनी नाही म्हटलं तर मूल घरी बसतं, नाहीतर आईला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून दुपारी शाळेत यावं लागतं. हो म्हटलं तर बाई असं काम अंगावर घेतात, जे त्यांना डी.एड.ला कुणी शिकवलेलं नाही आणि नोकरीत लागल्यावरही नाही. रुग्णालयात हेच काम करायला परिचारिकेला काही वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. शाळेत ते माणुसकी म्हणून होतं. माणुसकी हवीच, पण कोणती गोळी, किती, कोणाला आणि केव्हा, हे तिच्या भरवशावर ठरत नाही. ते शिकावं लागतं.

आपल्याकडच्या बहुसंख्य शाळांत परिचारिका नाही. शहरातल्या काही मोठ्या खासगी शाळांत एखादी खोली आणि एक नर्स असते. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित शाळांत प्रथमोपचाराची पेटी, जवळचं उपकेंद्र आणि वर्गशिक्षक एवढीच व्यवस्था. ही परिस्थिती दोन-चार वर्षांत पालटणार नाही. म्हणून शाळेतलं औषध आणखी काही काळ तरी शिक्षकाच्याच हातून दिलं जाणार, हे गृहीत धरूनच बोलायला हवं.

सरकारने एकदा करून दाखवलेलं काम

शिक्षकांना औषध द्यायला शिकवता येतं का? येतं, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. पहिल्या फेरीच्या ११ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र होता. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या मूळ तारखा; राज्यं सोयीनुसार त्या मागेपुढे करतात. त्या दिवशी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. देणारे डॉक्टर नसतात. अंगणवाडी सेविका आणि शिक्षक असतात.

या एका गोळीमागे किती बारकाईने विचार केलेला आहे, ते पाहण्यासारखं आहे. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. लहानग्यांना गोळी कुटून पाण्यात कालवून द्यायची. मोठ्यांनी ती चावूनच खायची, कारण अख्खी गिळताना घशात अडकू शकते. मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध घेत असेल तर त्या दिवशी द्यायची नाही. गोळी घरी पाठवायची नाही. समोर खायला लावायची. खाल्ली की हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे एक बरोबरची खूण. जे गैरहजर किंवा आजारी होते त्यांना काही दिवसांनी ठरलेल्या दिवशी गोळी द्यायची आणि नावापुढे दोन खुणा करायच्या. कोणाला मळमळलं, पोटात दुखलं तर घाबरायचं नाही. पोटात जंत जास्त असतील तर असं होतं. मुलाला सावलीत आडवं करायचं, पाणी द्यायचं, लक्ष ठेवायचं, आणि आराम पडला नाही तर आरोग्य केंद्राला कळवायचं.

हे सगळं तालुक्याच्या किंवा केंद्राच्या पातळीवर एक-दोन तासांच्या प्रशिक्षणात शिकवलं जातं. त्यात योग्य मूल आहे, योग्य औषध आहे, योग्य मात्रा आहे, देण्याची रीत आहे, वेळ आहे, नोंद आहे. कोणाला द्यायचं नाही हेही आहे, आणि काही बिघडलं तर काय करायचं तेही. जगभरच्या परिचारिका औषध देताना जे नियम पाळतात, त्यांचा गाभा एवढाच आहे. खेड्यातल्या दोनशिक्षकी शाळेने तो आत्मसात केला आहे.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी आहे, दोन्ही आठवड्यातून एकदा. रंग वेगळे ठेवले, ही मात्रेची चूक टाळण्यासाठीही सोयीची गोष्ट. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, शालेय पोषण आहारानंतर द्यायची. शौचाला काळं होतं, त्याने भ्यायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. आणि डबा कुलपात ठेवायचा, कारण लोहाच्या बऱ्याच गोळ्या लहान मुलाने खाऊ समजून एकदम खाल्ल्या तर ते जिवावर बेतू शकतं.

ही व्यवस्था कुठे तुटते, तेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत गोवंडी भागातल्या महापालिका शाळेतली एक मुलगी दगावली. त्याच आठवड्यात शाळेत लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनीच झालं, अशी बातमी वस्तीत पसरली आणि शेकडो मुलांना घेऊन पालक रुग्णालयांकडे धावले. पुढे शवविच्छेदनाच्या प्राथमिक निष्कर्षात क्षयरोग आढळल्याचं सांगण्यात आलं. पण तोवर लोकांचा विश्वास ढळला होता. अशा वेळी शाळेच्या हाती एकच साधन असतं, ते म्हणजे वही. कोणत्या मुलाने कोणत्या तारखेला गोळी खाल्ली, गोळीचा बॅच क्रमांक काय, मुदत कधीची, त्यानंतर मुलाला काय झालं. ज्या शाळेत ही वही नीट असते, ती शाळा पालकांच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देऊ शकते.

एकट्या मुलाचं औषध

सगळ्यांना एकच गोळी द्यायची असते तेव्हा सरकार शिकवतं. अडतं ते एकट्या मुलापाशी. वर्गात एकालाच मधुमेह असतो, एकीलाच अपस्मार, एखाद्यालाच दमा. त्यांच्यासाठी ना दिवस ठरलेला, ना प्रशिक्षण.

टाइप १ मधुमेहाचंच घ्या. या आजारात स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, जन्मभर. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडात टोरांटोला. तो रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता. आज आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची सव्वादोन लाखांहून अधिक मुलं या आजारासह जगतात. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था अशा मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. मूल दवाखान्यात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जातं. शाळेत ते रोज पाच-सहा तास असतं.

दुपारच्या जेवणाआधी या मुलाला बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासायची असते आणि इन्सुलिन टोचून घ्यायचं असतं. बहुतेक ठिकाणी ते कुठे करायचं याचंच उत्तर नसतं. मुलं स्वच्छतागृहात जाऊन टोचून घेतात, किंवा दुपारचा डोस चुकवतात. मुलगी असेल तर घरचेच बजावतात की शाळेत कुणाला कळू देऊ नकोस, उद्या लग्नाला अडचण येईल. मग एखाद्या दिवशी खेळाच्या तासाला ती घामाघूम होते, हात थरथरतात, उगीच चिडचिड करते किंवा गप्प होते, आणि बाईंना वाटतं ऊन लागलं.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय एका मिनिटात करता येतो. मूल शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज पावडर, साखर किंवा गोड सरबत. मोठ्या मुलाला १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर. लहान मुलाला वजनाच्या हिशेबाने कमी, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढी. चॉकलेट किंवा बिस्किटाने साखर पटकन चढत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मुलाला एकटं सोडायचं नाही, "जा, कार्यालयात जाऊन बस" म्हणून पाठवायचं नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. हे शिकायला अर्धा तास लागतो. माहीत नसेल तर तेवढ्याच अर्ध्या तासात मूल कोसळतं.

मधुमेहाच्या औषधात एक खाचखळगा असा आहे की तो कोणत्याही प्रशिक्षणात समोर ठेवून दाखवायलाच हवा. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुप्या असतात, आणि १०० युनिट असलेली पेनं, कार्ट्रिज आणि कुप्याही. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर मुलाच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. दोन सिरिंजा शेजारी ठेवल्या तर फरक टोपणाचा आणि रेघांवरच्या आकड्यांचा. कुपीवरून सिरिंजवर नजर फिरवून वाचायची सवय जिला लागली, तिच्या हातून ही चूक होण्याची शक्यता फार कमी. पेन असेल तर हा गोंधळ जवळजवळ राहत नाही, म्हणून शाळेसाठी पेन बरं, एवढं तरी पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

या मुलांकडे सरकारचं अगदीच लक्ष नाही, असं नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी नेण्याची मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्व राज्यांना कळवलं की, या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या. पत्र शाळेपर्यंत पोचलं तरी त्यातला प्रत्येक शब्द अमलात आणायला एका प्रशिक्षित माणसाची गरज लागते, आणि तो माणूस पत्रासोबत येत नाही.

पाच मिनिटं

अपस्माराच्या झटक्याला आपल्या शाळांत आजही काय होतं, हे वेगळं सांगायला नको. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घालतं. यांतल्या कशानेही झटका थांबत नाही. चमच्याने दात मात्र तुटतो, आणि तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं.

करायचं असतं ते थोडं आणि शांतपणे. घड्याळ बघायचं. डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, गळ्याशी आवळलेला टाय किंवा ओळखपत्राची दोरी सैल करायची. झटका ओसरला की कुशीवर वळवायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तर मात्र वाट बघायची नाही. अशा वेळेसाठी अनेक मुलांना डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिलेला असतो. किती फवारे, हे मुलाच्या वजनावर ठरतं आणि ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. तो फवारा घरी कपाटात असेल तर शाळेत त्याचा उपयोग शून्य. शाळेत असेल, पण कुलपाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या लिपिकाकडे असेल, तरी शून्यच. म्हणून नियम असा हवा की रोजची औषधं कुलपात, आणि जीव वाचवणारी औषधं प्रौढांच्या हाताशी, मुलांच्या हाताबाहेर, पण विनाकुलूप.

दम्याच्या पंपालाही हाच नियम. साल्ब्युटामॉलचा पंप मुलाच्या जवळ किंवा वर्गातच असला पाहिजे. लहान मुलाला तो नुसता तोंडात धरून मारता येत नाही. औषध घशाला चिकटून राहतं. त्याला स्पेसर लागतो, म्हणजे पंपापुढे लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं. पंप हलवायचा, स्पेसर तोंडाला घट्ट लावायचा, एकदा दाबायचं, पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, मग पुढचा पफ. घाईत एकावर एक चार वेळा दाबलं तर औषध नळकांड्यातच राहतं. हे पुस्तकात वाचून येत नाही. रिकामा पंप हातात घेऊन दोनदा करून पाहिलं की येतं.

खणातली पट्टी

मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात एक तापाची पट्टी असते, एक पोटदुखीची, एक पित्ताची. शाळेने स्वतःहून ठेवलेली, जुन्या शिक्षकाने नव्या शिक्षकाला दाखवलेली. प्रशिक्षणाचा पहिला परिणाम हा खण रिकामा होण्यात दिसला पाहिजे.

कारण साधं आहे. नाइमेसुलाइड हे तापाचं आणि वेदनेचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारत सरकारने २०११ मध्येच बंदी घातली. ॲस्पिरिन मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय द्यायचं नसतं. विषाणूच्या तापात त्याने मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण तेसुद्धा मात्रेत. बाजारात त्याचं सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, २५० चंही मिळतं. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे "एक चमचा द्या" या एकाच वाक्यात १२५, २५० किंवा ५०० मिलिग्रॅम दडलेलं असतं, आणि घरातले चमचेही सारखे नसतात. सकाळी सातला घरी दिलेला डोस बाईंना माहीत नसेल, तर नऊ वाजता दुसरा जातो. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर लागतं.

म्हणून नियम एकच: डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची लेखी संमती यांशिवाय शाळा कोणतंही औषध देणार नाही. जंतनाशक आणि लोहाच्या गोळीसारखे सरकारी कार्यक्रम तेवढे वेगळे, त्यांची रीत ठरलेली आहे. अचानक ताप आला तर पालकांना फोन, ओलं फडकं, पाणी, आणि घेऊन जायला कुणीतरी.

एका दिवसात काय शिकवावं

असं प्रशिक्षण एका दिवसात बसतं. त्यात व्याख्यान कमी आणि हाताने करणं जास्त हवं.

सकाळी औषध स्वीकारण्यापासून सुरुवात करावी. औषध दप्तरातून येणार नाही, पालक हातात देतील. मूळ वेष्टनात, नावासह. गोळ्या दोघांसमोर मोजायच्या आणि आकडा लिहून दोघांनी सही करायची. मुदत पाहायची. मग कागद. मुलाचं नाव आणि फोटो, इयत्ता-तुकडी, आजार, औषध, मात्रा, वेळ, कसं द्यायचं, कोणती लक्षणं दिसली तर काय करायचं, आणि तीन फोन क्रमांक: आईचा किंवा वडिलांचा, डॉक्टरांचा, शेजारच्या नातेवाइकाचा. फोटो लागतोच. एका तुकडीत दोन आर्या किंवा दोन साई असणं आजकाल नेहमीचं आहे, आणि रोजच्या शिक्षिका रजेवर असताना बदलीवरच्या सरांना चेहरे माहीत नसतात.

त्यानंतर प्रत्यक्ष देणं. एका वेळी एकच मूल, एकच औषध. वेष्टन तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, देण्याआधी आणि परत ठेवताना. मुलालाच नाव विचारायचं, "तू आर्या ना?" असं विचारलं तर लहान मूल कशालाही हो म्हणतं. पातळ औषध घरच्या चमच्याने मोजायचं नाही, सुई नसलेल्या सिरिंजने किंवा खुणा असलेल्या झाकणाने मोजायचं, तेही डोळ्यांच्या पातळीवर धरून. गिळल्याची खात्री करायची. लगेच लिहायचं. आधी लिहून मग देणं ही सवय घातक, कारण मधेच कुणी हाक मारली तर वहीत औषध दिलेलं असतं आणि मुलाला मिळालेलं नसतं.

दुपारी चुकांचा तास. डोस राहिला तर? दोनदा गेला तर? दुसऱ्याच मुलाला दिला तर? प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर एकच: लगेच सांगा. मुलाजवळ थांबा, डॉक्टरांना फोन करा, पालकांना कळवा, वेष्टन जपून ठेवा, स्वतःहून ओकारी काढायला लावू नका. चूक सांगणाऱ्या शिक्षिकेला त्याच दिवशी नोटीस मिळाली, तर त्या शाळेत पुढची चूक कुणीही सांगणार नाही. मुख्याध्यापकांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शिकायचा धडा हाच.

सहल, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन हे तीन दिवस स्वतंत्रपणे हाताळावे लागतात, कारण त्या दिवशी वेळापत्रक मोडलेलं असतं आणि औषधाचा डबा शाळेतच राहतो. आणि प्रत्येक शाळेत एक नव्हे, किमान दोन माणसं तयार हवीत. आपल्या शिक्षकांना मतदारयादी, निवडणूक, जनगणना अशी किती कामं असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. एकुलती एक प्रशिक्षित बाई नेमकी त्याच दिवशी तहसीलमध्ये असणार.

शिकवणार कोण? ती माणसंही तयार आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक आरोग्यसेविका आणि एक औषधनिर्माता असतो. हे पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. मुलांची तपासणी झाल्यावर औषधनिर्मात्याने शिक्षकांसोबत तासभर बसावं, एवढंच वाढवायचं आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमले जातात. त्यांना शिकवायला अकरा विषय ठरले आहेत: आहार, व्यसनमुक्ती, मानसिक स्वास्थ्य, इंटरनेटची सुरक्षितता वगैरे. औषध सुरक्षितपणे कसं द्यावं, हा त्या अकरांत नाही. तो बारावा व्हावा.

जिथे रात्रीही शाळाच घर असते

आश्रमशाळांची निकड याहून मोठी आहे. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. तिथे मूल चोवीस तास असतं आणि औषध देणारे हात अधीक्षक-अधीक्षिकांचे असतात. आश्रमशाळांतल्या मृत्यूंची कारणं शोधायला २०१६ मध्ये तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. प्रश्न राजभवनापर्यंत जावा लागला, इतका तो गंभीर होता.

इथली औषधं अवघड आहेत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवताप आहे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, मूल खेळायला लागतं, आणि उरलेले अकरा दिवस अधीक्षिकेच्या वहीवर अवलंबून असतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या अनेक मुलांना सिकलसेल आहे. त्यांतल्या काहींना हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज घ्यावी लागते. ती फोडायची नाही, चुरडायची नाही, देताना हातमोजे घालायचे आणि नंतर हात धुवायचे, कारण ती पेशींच्या वाढीवर परिणाम करणारी आहे. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक. म्हणजे या मुलांना शाळेत आधार मिळणं हा त्यांचा हक्क आहे. एका अधीक्षिकेकडे शेकडो मुली असतील आणि तिला प्रशिक्षण नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

भीतीचं काय?

शिक्षकांशी हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो: काही झालं तर आमच्यावर येईल ना? हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २७ बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. कलम ३० अशा प्रसंगासाठी आहे जिथे संमती घ्यायला वेळच नाही. पण याच संहितेत सद्भावनेची अटही सांगितली आहे: योग्य ती काळजी आणि दक्षता न घेता केलेली कृती सद्भावनेची मानली जात नाही. म्हणून लेखी संमती, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि रोजची नोंद ही शिक्षकाची खरी ढाल. प्रशिक्षण मुलाला जितकं वाचवतं, तितकंच ते शिक्षकालाही वाचवतं.

दुसरा आक्षेपही खरा आहे: आधीच कामं कमी आहेत का? इंग्लंडने यावर जो मार्ग काढला तो आपल्या उपयोगाचा आहे. २०१४ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांवर आजारी मुलांना आधार देण्याचं बंधन आलं. पण ते शाळेवर आहे. एखाद्या शिक्षकाला औषध देण्याची विनंती करता येते, सक्ती करता येत नाही, आणि प्रशिक्षण मिळाल्याशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तिथल्या शाळांना तातडीसाठी स्वतःचा साल्ब्युटामॉलचा पंप ठेवायची परवानगी मिळाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने हरकत घेतली होती की इन्सुलिन फक्त परिचारिकांनीच द्यावं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार आणि पालकांच्या संमतीने प्रशिक्षित शाळा-कर्मचारीही ते देऊ शकतात. पैशाने कितीतरी पुढे असलेल्या त्या राज्यातही प्रत्येक शाळेत पूर्णवेळ परिचारिका नाही, म्हणून हा मार्ग निघाला.

आपण स्वेच्छेचं तत्त्व घ्यावं. जे शिक्षक, लिपिक, मदतनीस किंवा सेवक तयार असतील त्यांना शिकवावं, त्याची नोंद सेवापुस्तिकेत व्हावी, आणि त्या बदल्यात त्यांचं एखादं अशैक्षणिक काम कमी व्हावं. शाळेत परिचारिका असावी ही मागणी सोडायची नाही. ती पूर्ण होईपर्यंत मुलांना मात्र थांबवता येणार नाही.

दुसरं सत्र सुरू होण्याआधी

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा शाळांना दिवाळीची सुट्टी असेल. तुमच्या घरात औषध घेणारं शाळकरी मूल असेल तर सुट्टी संपायच्या आत एक कागद तयार करा. मुलाचं नाव, फोटो, आजार, औषध, मात्रा, वेळ, धोक्याची लक्षणं, फोन क्रमांक. त्यावर डॉक्टरांची सही घ्या. पहिल्या दिवशी तो वर्गशिक्षकांच्या हाती द्या आणि दहा मिनिटं बसून समजावून सांगा. आजार लपवू नका. तो फक्त ज्यांना माहीत असायला हवा त्यांनाच कळेल, एवढा शब्द शाळेकडून घ्या.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडा: लेखी संमतीशिवाय औषध नाही, औषधांची एक वही आणि एक कुलूपबंद कपाट, आणि वर्षातून एकदा आरोग्य केंद्राकडून किमान दोन कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि खर्च एका वहीचा आणि एका कुलपाचा आहे. आणि तुम्ही शिक्षक असाल तर कपट्यात बांधलेली बिननावाची गोळी यापुढे घेऊ नका. त्या आईला परत पाठवू नका; काय लिहून आणायचं ते तिला नीट सांगा.